एक ऑगस्टची घाई : घोट्यातल्या कूर्चेच्या दुखापतीचं एक प्रकरण

रुग्णाची संमती घेऊन हे लिहितो आहे. गावाचं, बोटीचं, मालकाचं नाव गाळलं आहे आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. गावात सगळे त्यांना ज्या नावाने हाक मारतात तेच इथे वापरतो : तांडेल. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अस्थिरोगाची प्रॅक्टिस करतो. पहिली शस्त्रक्रिया मी केली. ती पुरी पडली नाही, दुसरी करावी लागली. का पुरी पडली नाही हे शोधताना जे हाती लागलं ते माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुरगळलेल्या घोट्याशी संबंधित आहे, म्हणून सविस्तर मांडतो.

पार्श्वभूमी

तांडेल त्या वेळी ३६ वर्षांचे. यांत्रिक बोटीचं सुकाणू त्यांच्या हाती, पण माणसं कमी पडली की जाळं ओढायलाही तेच पुढे. सप्टेंबर अखेरची पहाट. भरती होती, बोट धक्क्याच्या वर आलेली. मासळी उतरवून झाल्यावर त्यांनी बोटीच्या कडेवरून खाली उडी घेतली. बर्फाच्या पाण्याने धक्का ओला होता. डावं पाऊल आतल्या बाजूला वळलं आणि सगळा भार त्याच्यावर आला.

त्याच दिवशी एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नव्हतं. क्रेप बँडेज आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. सूज उतरेना म्हणून शेजारच्या गावातल्या हाडवैद्याकडून लेप घालून घेतला. बाराव्या दिवशी ते पुन्हा बोटीवर होते. यात कोणाचंच काही जगावेगळं चुकलं असं मला वाटत नाही. आपल्याकडे पाय मुरगळणं हे दुखणं मानतच नाहीत. आणि बहुतेक मुरगळलेले घोटे खरोखरच बरे होतात.

हा झाला नाही. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी सूज, डोलणाऱ्या डेकवर पाय अचानक कलंडणं. पुढच्या सहा महिन्यांत तो आणखी तीनदा मुरगळला. त्यांचं घर समुद्राच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर आहे. "चढताना काय नाय डॉक्टर, उतरताना पाय दगा देतो," हे त्यांचं माझ्याकडचं पहिलं वाक्य. दुसरं त्यांच्या पत्नीचं : "रात्री पायाखाली उशी घेतल्याशिवाय झोप नाही यांना. आणि सांगतात काय, तर बरं आहे."

घोट्यात नेमकं काय बिघडलं होतं

नडगीचं हाड आणि टाच यांच्या मधे टॅलस नावाचं एक लहान हाड बसलेलं असतं. शरीराचा सगळा भार त्यातून पावलात उतरतो. त्याचा सुमारे ६० टक्के पृष्ठभाग कूर्चेने, म्हणजे सांध्यातल्या गुळगुळीत आवरणाने, झाकलेला असतो आणि एकही स्नायू त्याला चिकटलेला नसतो. म्हणजे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी. कूर्चेला तर स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात आणि वेदना पोचवणारे मज्जातंतूही नसतात. तिला इजा झाली तर ती दुखत नाही आणि आपली आपण फारशी भरूनही येत नाही. दुखतं ते तिच्या खालचं हाड.

पाय जोरात मुरगळतो तेव्हा टॅलसचा घुमट, म्हणजे त्याचा वरचा गोलसर भाग, वरच्या हाडावर आपटतो. कूर्चेला चीर जाते, कधी खालच्या हाडाचा टवका तिच्याबरोबर सुटतो. या दुखापतीच्या चार पायऱ्या बर्न्ट आणि हार्टी यांनी १९५९ साली एक्स-रेवरून मांडल्या. नुसतं दबलेलं हाड ही पहिली, आणि तुकडा सुटून सांध्यात फिरतो ती चौथी. अलीकडच्या पायऱ्या एमआरआय आणि सीटीवर आधारलेल्या आहेत, कारण साध्या एक्स-रेत ही इजा बऱ्याचदा दिसतच नाही.

पुढे काय होतं हे व्हॅन डाइक या डच शल्यचिकित्सकाने छान समजावलं आहे. चाललं की सांध्यातलं पाणी दाबाखाली येतं. कूर्चेला आणि तिच्या खालच्या हाडाच्या पापुद्र्याला भेग असेल तर प्रत्येक पावलागणिक ते पाणी भेगेतून हाडात दाबलं जातं. हाड हळूहळू विरघळतं आणि आत पोकळी तयार होते, तिला आम्ही सिस्ट म्हणतो. तांडेलांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे चिऱ्याच्या भेगेत पावसाचं पाणी मुरतं तसं." तसंच. वरून चिरा शाबूत दिसतो, आतून भुसभुशीत झालेला असतो.

एप्रिलमधली तपासणी

ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आले. सूज बेताची, घोट्याच्या आतल्या आणि मागच्या बाजूला खोल दाबल्यावर वेदना. घोट्याचा सैलपणा बघायला एका हाताने नडगी स्थिर धरून टाच पुढे ओढतात. डावी बाजू उजवीपेक्षा सैल लागली, पण दुखत असल्यामुळे त्यांनी स्नायू ताठ धरले होते. मी नोंदीत 'किंचित सैल' असं लिहिलं. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

एमआरआयमध्ये टॅलसच्या घुमटावर, आतल्या बाजूला थोडा मागे, १४ बाय ११ मिलिमीटरचा डाग होता. खाली हाडाला सूज आणि एक लहान सिस्ट. घुमटाची आतली कड शाबूत होती, ही चांगली गोष्ट. कडा शाबूत असतात तेव्हा भरून येणारा भाग खळग्यात तग धरतो. कड ढासळलेली असेल तर तो टिकायला जागाच नसते.

एमआरआयमध्ये आजूबाजूच्या हाडाच्या सुजेमुळे इजा असते त्यापेक्षा मोठी दिसते हे मला माहीत होतं. म्हणून मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि प्रत्यक्षात ती साधारण १० मिलिमीटर असावी असं धरलं. खरं माप सीटी स्कॅनमध्ये कळतं. सीटीची सोय दोन तासांच्या अंतरावर होती, खर्चही एमआरआयपेक्षा कमी होता. तांडेल म्हणाले, "आणखी एक फोटो कशाला?" आणि मी आग्रह धरला नाही.

घोट्याला अमेरिकन पद्धतीने गुण देतात. १०० पैकी ४० वेदनेला, ५० कामकाजाला, १० पावलाच्या रेषेला. तांडेलांना ५६ मिळाले. या मोजपट्टीत उकिडवं बसण्याला गुण नाहीत. हलत्या बोटीवर उभं राहण्यालाही नाहीत.

अडचण

इजेला सात महिने होऊन गेले होते. घोट्याचा पट्टा आणि थेरपिस्टकडचे व्यायाम यांनी दीड महिन्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार रास्त होता. खरी अडचण कॅलेंडरची होती.

त्या वर्षी मासेमारीची बंदी नेहमीसारखी १ जून ते ३१ जुलै. एकसष्ट दिवस बोटी किनाऱ्याला शाकारलेल्या. तांडेलांचं म्हणणं सरळ होतं : "करायचं तर जूनच्या पहिल्या आठवड्यात करा. एक ऑगस्टला मी बोटीवर पाहिजे." मी सांगितलं की कोणतीही शस्त्रक्रिया केली तरी डेकवरचं काम चार महिन्यांच्या आत नको. ते म्हणाले, नुसतं सुकाणू धरीन, जाळ्याला हात लावणार नाही. हे मी खरं मानलं. ते खोटं बोलत नव्हते. पण पोटापाण्याचं गणित मांडल्याशिवाय असं वचन पाळता येईल की नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

समोर असलेले पर्याय

पहिला, आणखी थांबणं. सिस्ट तयार झालेली असताना आणि पाय वरचेवर मुरगळत असताना थांबून फायदा होईल असं वाटेना.

दुसरा, दुर्बिणीतून सांध्यात जाऊन सैल झालेली कूर्चा खरवडून काढायची आणि खालच्या हाडाला तीन-चार मिलिमीटर अंतरावर बारीक छिद्रं पाडायची. यालाच मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात. छिद्रांतून मज्जेतलं रक्त वर येतं, त्याची गुठळी खळग्यात बसते आणि तिची हळूहळू कूर्चा बनते. ही मूळच्या जातीची नसते, चिवट पण भरड अशी तंतुमय कूर्चा असते. लहान इजेला ती पुरते. शस्त्रक्रिया छोटी, दोन टाके, दुसऱ्या दिवशी घरी.

'लहान' म्हणजे किती, यावर बरंच काम झालं आहे. दक्षिण कोरियातल्या शल्यचिकित्सकांनी २००९ साली १२० घोट्यांचा अभ्यास मांडला. इजेचं क्षेत्रफळ १५० चौरस मिलिमीटरच्या आत असलेल्यांपैकी साधारण दहांतल्या एकाला ही शस्त्रक्रिया अपुरी पडली, त्याहून मोठी इजा असलेल्यांपैकी दहांतल्या आठांना. पुढे २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून ही मर्यादा आणखी खाली आणली गेली : सुमारे १०७ चौरस मिलिमीटर, किंवा व्यास १० मिलिमीटरच्या जरा वर. वय आणि वजन यांच्याबद्दल मात्र अभ्यासांचं एकमत नाही. काहींत वय वाढलं की निकाल खालावतो, काहींत तसा फरकच दिसत नाही. आकार, खोली, सिस्ट आणि कडेची स्थिती यांच्यावर जास्त भरवसा ठेवावा, या मताचा मी आहे.

तिसरा पर्याय मोठा. गुडघ्यातल्या कमी भार येणाऱ्या कडेवरून हाडासकट कूर्चेची एक नळकांडी काढायची आणि टॅलसमधल्या खळग्यात ठोकून बसवायची. मूळच्या जातीची कूर्चा मिळते, सिस्टही भरून निघते. पण मागच्या-आतल्या जागी पोचायचं तर घोट्याच्या आतल्या उंचवट्याचं हाड कापून बाजूला करावं लागतं आणि नंतर स्क्रूने परत जोडावं लागतं. शिवाय चांगल्या गुडघ्याला हात लावायचा. पाखाडी चढणाऱ्या माणसाचा गुडघा.

चौथा प्रश्न यांतल्या प्रत्येकाला जोडून येत होता : बाहेरच्या बाजूचं सैल लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा चिवट बंध, त्याच वेळी शिवून घट्ट करायचं का? ही शिवण्याची पद्धत स्वीडनच्या ब्रॉस्ट्रॉम यांनी १९६६ साली दिली आणि थोड्या सुधारणेसह आजही तीच वापरली जाते. पण ती केली की बूट किंवा प्लास्टर आलं, आणि एक ऑगस्ट हुकला.

पहिली शस्त्रक्रिया

दुसरा पर्याय ठरला, लिगामेंटला हात न लावता. ३ जूनला केली. भूल दिल्यावर, स्नायू सैल पडल्यावर, मी घोटा पुन्हा ओढून पाहिला. टॅलस उजव्या बाजूपेक्षा स्पष्टपणे पुढे सरकत होता. 'किंचित' नव्हता तो.

त्या क्षणी मी थांबायला हवं होतं का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. लिगामेंट शिवण्याची संमती मी घेतलेली नव्हती. बाहेर त्यांची पत्नी बसली होती, पण रुग्ण शुद्धीत नसताना नातेवाइकांकडून अशी जादा शस्त्रक्रिया मंजूर करून घेणं मला योग्य वाटलं नाही, आजही वाटत नाही. चूक त्याआधीची आहे. सैलपणाची शंका होती तर दोन्ही शक्यतांची संमती आधीच घेऊन ठेवायची असते.

दुर्बिणीतून कूर्चा मऊ आणि उसवलेली दिसली. खरवडल्यावर कडा चांगल्या उभ्या मिळाल्या. खळगा माझ्या अंदाजापेक्षा खोल होता. सिस्टमधला मऊ भाग काढला, छिद्रं पाडली, त्यांतून रक्त आलेलं पाहिलं. तांत्रिकदृष्ट्या सगळं नीट झालं. त्या खोल पोकळीत गुठळी टिकेल का, हा विचार मनात आला होता. पण हाड भरायची तयारी ठेवलेली नव्हती.

नंतरचे नऊ महिने

सूचना अशा होत्या : सहा आठवडे डाव्या पायावर भार नाही, कुबड्या वापरायच्या, पण घोटा दिवसातून अनेकदा वरखाली हलवत राहायचा. हालचाल झाली तरच नव्या कूर्चेला सांध्यातल्या पाण्यातून पोषण मिळतं.

आता ही सूचना जूनमधल्या कोकणात ठेवून पाहा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा जून-जुलैत. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याच्या बेचाळीस पायऱ्या, त्यांवर शेवाळ. संडास घराच्या मागे, अंगण ओलांडून, भारतीय पद्धतीचा. एका पायावर कुबड्यांनी हे कसं करायचं? दुसऱ्या आठवड्यातच त्यांनी पाय टेकायला सुरुवात केली होती. मला हे कळलं दहा महिन्यांनी. मी कधी घर कसं आहे असं विचारलंच नव्हतं. टाके काढायला आले तेव्हा ते कुबड्यांवर आले, आणि माझ्या नोंदीत 'सूचना पाळत आहेत' असं आहे.

एक ऑगस्टला ते बोटीवर गेले. शस्त्रक्रियेला आठ आठवडे आणि काही दिवस झाले होते. पहिले दहा दिवस त्यांनी खरोखर सुकाणूच धरलं. मग एक खलाशी गावी निघून गेला आणि जाळं ओढायला माणूस नव्हता.

ऑक्टोबरमध्ये दाखवायला आले तेव्हा गुण ८० होते. वेदना खूप कमी, रात्रीची उशी गेलेली. मला आनंद झाला. चार महिन्यांच्या आकड्यावर एवढं खूश व्हायचं नसतं. नव्या ऊतीची कसोटी वर्ष-दीड वर्षाने लागते. डिसेंबरात पाय दोनदा कलंडला. मार्चमध्ये ते परत आले. गुण ६१, उतरताना तोच दगा, आणि उशी परत आलेली.

दुसरा निर्णय

या वेळी सीटी आधी केला. इजा १२ बाय ९ मिलिमीटर, सिस्टची खोली ८. क्षेत्रफळ काढलं तर सुमारे ८५ चौरस मिलिमीटर, म्हणजे मर्यादेच्या आत. लांबी पाहिली तर मर्यादेच्या बाहेर. आणि आठ मिलिमीटर खोली पाहिली तर नुसत्या छिद्रांनी भागणारी ही गोष्टच नव्हे. पहिल्या वेळी हीच मापं होती की नऊ महिन्यांत सिस्ट वाढली, हे आता सांगता येणार नाही, कारण तेव्हाचा सीटीच नाही.

उभं राहून टाचेचा एक्स-रे काढला. टाच आत झुकलेली असेल तर टॅलसच्या आतल्या भागावर भार पडत राहतो आणि वर काहीही बसवलं तरी ते झिजतं. तांडेलांची टाच सरळ होती. मग मी त्यांना आणि त्यांच्या पत्नीला बसवून तासभर बोललो. पायाबद्दल दहा मिनिटं, बाकी सगळं घराबद्दल आणि कामाबद्दल.

तेव्हा पाखाडी कळली. तेव्हाच उचल कळली. पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी, मे महिन्यात, त्यांनी बोटीच्या मालकाकडून हंगामाची उचल घेतली होती. त्यातूनच माझं आणि औषधांचं बिल भागलं होतं. उचल घेतलेला माणूस एक ऑगस्टला बोटीवर गेला नाही तर ती फेडायची कशी? "तुम्ही चार महिने म्हणालात तेव्हा मी मान हलवली," तांडेल म्हणाले, "पण पैसे आधीच खाल्लेले होते." मला ते ऐकताना फार वाईट वाटलं. त्यांनी लपवलं म्हणून नाही, मी विचारलं नाही म्हणून.

तंबाखूचंही तसंच. पंधरा वर्षं चुना-तंबाखू. पहिल्या वेळी नोंद केली होती, पण सोडण्याबद्दल ठाम बोललो नव्हतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आधीच रक्तपुरवठा तोकडा असलेल्या टॅलसमध्ये हाड कापून जोडायचं तर हे चालणार नव्हतं. ड जीवनसत्त्वही तपासलं. आयुष्य उन्हात काढलेल्या माणसाचं ते कमी निघालं. मला नवल वाटलं, त्यांना त्याहून जास्त.

मी त्यांना घाटावरच्या एका मोठ्या शहरात, घोट्याच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे पाठवलं. तिथे दोन रस्ते चर्चेत आले. एक, कमरेच्या हाडातला मऊ भाग घेऊन सिस्ट भरायची आणि वर कृत्रिम पडद्याचं आच्छादन घालायचं. गुडघा वाचतो, पण पडद्याची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर होती आणि पुन्हा मिळणार ती बरीचशी तंतुमय कूर्चाच. दुसरा, गुडघ्यातून नळकांडी. पहिली मायक्रोफ्रॅक्चर अपुरी पडलेली, सिस्ट खोल, रुग्ण तरुण, काम जड. दुसरा रस्ता ठरला, लिगामेंट शिवण्यासह. गुडघा दुखण्याची शक्यता तांडेलांना स्पष्ट सांगितली गेली. ते म्हणाले, "गुडघा दुखेल, पण उभा तर राहीन."

तारखेवर या वेळी मी हट्ट धरला. एप्रिलच्या शेवटी. मालकांना मी स्वतः भेटलो, तांडेलांच्या परवानगीने. माणूस समजूतदार निघाला. ऑगस्ट ते नोव्हेंबर तांडेलांनी किनाऱ्यावर राहून लिलाव, बर्फ आणि डिझेलचा हिशेब बघायचा, वाटा निम्मा, उचल पुढच्या हंगामावर. शस्त्रक्रियेआधी सहा आठवडे तंबाखू बंद. ते काम त्यांच्या पत्नीने केलं. कसं, ते मला माहीत नाही.

शस्त्रक्रियेनंतर ते पाखाडीवरच्या घरी गेले नाहीत. तालुक्याच्या गावी त्यांच्या बहिणीचं घर रस्त्याला लागून आहे, एक पायरी, आत कमोड. बहिणीने नऊ आठवडे ठेवून घेतलं. सहा आठवडे पाय जमिनीला लागला नाही, हे मला बहिणीकडून कळलं, भावाकडून नव्हे. कापून जोडलेलं हाड अकराव्या आठवड्यात एक्स-रेत जुळलेलं दिसलं.

निष्पत्ती

दुसऱ्या शस्त्रक्रियेला आता दोन वर्षं झाली. गुण ८६. सीटीत बसवलेलं नळकांडं आजूबाजूच्या हाडाशी एकजीव झालेलं आहे. घोटा ओढून पाहिला तर दोन्ही बाजू सारख्या. दोन वर्षांत पाय एकदाही कलंडला नाही. मला सगळ्यात महत्त्वाचा बदल हा वाटतो.

जे राहिलं तेही लिहितो. लांबच्या फेरीनंतर घोट्याला अजून सूज येते. डावा गुडघा पाखाडी चढताना दुखतो, विशेषतः हातात वजन असलं की. म्हणजे पूर्वी उतरताना त्रास होता, आता चढताना. पूर्ण उकिडवं बसता येत नाही, टाच उचलली जाते. घरी कमोड बसवून घेतला. जाळं ओढणं त्यांनी सोडलं आहे. सुकाणू मात्र त्यांच्याच हाती आहे, आणि खलाशी कमी पडले तर फेरी रद्द करायची हे मालकांनी मान्य केलं आहे.

एक पूर्ण हंगाम आणि दुसऱ्याचा अर्धा गेला. कर्ज अजून थोडं आहे.

आज काय वेगळं केलं असतं

सीटी पहिल्याच भेटीनंतर केला असता. एमआरआय इजा मोठी दाखवतो हे माहीत असणं आणि त्यावरून मनाने माप काढणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी अर्धवट माहितीचा आधार घेऊन मला सोयीचा आकडा निवडला.

लिगामेंट पहिल्याच वेळी शिवलं असतं. सैल घोट्यात नवी कूर्चा बसवणं म्हणजे बिजागरी ढिली ठेवून दार रंगवणं. प्रत्येक कलंडण्यात टॅलस पुन्हा त्याच जागी आपटतो. पहिल्या शस्त्रक्रियेत मायक्रोफ्रॅक्चरच केली असती का, याचं उत्तर मला छातीठोकपणे देता येत नाही. सिस्टची खरी खोली समजली असती तर बहुधा निदान हाड भरून मग केली असती. काही सहकारी म्हणतात, पहिल्या वेळी छोटी शस्त्रक्रिया करून पाहणं योग्यच होतं, कारण ती अपुरी पडली तरी मोठीचा रस्ता बंद होत नाही. यात तथ्य आहे. पण छोटीलाही तिची न्याय्य संधी मिळायला हवी : घट्ट घोटा, सहा आठवडे भाराविना, चार महिने डेकविना. या तीनपैकी एकही गोष्ट तिला मिळाली नाही. त्यामुळे हे प्रकरण मायक्रोफ्रॅक्चर अपयशी ठरल्याचा पुरावा म्हणून कोणी वापरू नये.

आणि तारीख. एक ऑगस्टची तारीख मी रुग्णाची इच्छा म्हणून मान दिली. ती इच्छा नव्हती, उचल होती. लिगामेंट न शिवण्याचा निर्णय, सीटी टाळणं, लवकर कामावर जाणं, सगळे धागे तिकडेच जातात. मालकांशी जे बोलणं मी दुसऱ्या वर्षी केलं, ते पहिल्या वर्षी मे महिन्यात केलं असतं तर वीस मिनिटं लागली असती.

माझ्या केसपेपरवर आता वजन, उंची, मधुमेह, तंबाखू यांच्या खाली चार ओळी हाताने लिहिलेल्या असतात : रस्त्यापासून घराला पायऱ्या किती, संडास कसा आणि कुठे, घरात सोबत कोण, उचल किंवा कर्ज आहे का. मागच्या महिन्यात सुपारीच्या झाडावरून घसरलेला एक मुलगा आला होता, घोटा तसाच सुजलेला. पायऱ्यांच्या ओळीत त्याच्या आईने सांगितलेला आकडा आहे अडुसष्ट. त्याचा सीटी परवा आहे.